पेव ते पासबुक

गावाकडच्या घराची मागची भिंत पडायला आली होती. ती उतरवून नवा पाया खणायला घेतला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कुदळीखालची जमीन आत खचली. खणणारा गडी दचकून मागं सरला. खाली काळोख होता आणि कुबट वास येत होता. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं दुरूनच आवाज दिला, "पेव हाय ते. कुनी उतरू नका." मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. पुरुषभर खाली जाताच तो विझला. दोन दिवस तोंड उघडं ठेवल्यावर कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा कुठं एक जण उतरला. आत धान्य नव्हतं. बाजूंना शेणामातीचं लिंपण आणि तळाला काळ्या पडलेल्या कडब्याचा थर, एवढंच होतं.

माझं गाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यातलं आणि आजोळ शेजारच्या अहमदपूर तालुक्यातलं. अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा होईपर्यंत ते उस्मानाबादेत होतं. या दोन्ही तालुक्यांतलं बालाघाटाचं माळरान पाऊस चुकला की आधी उघडं पडतं. मी नांदेडला बरीच वर्षं इतिहास शिकवला. निजामाची राजवट आणि मुक्तिसंग्राम शिकवला, पण या माळावरची माणसं आषाढ-श्रावणात काय खात होती, हा प्रश्न वर्गात कधी घेतला नाही. त्या पेवानं तो विचारला. पेवानंतर गावात ग्रेन बँक आली, लेव्हीचं गोदाम आलं, सोसायटी आली, रेशनचं दुकान आलं आणि आता बँकेचं पासबुक आलं आहे. या वाटेवर जवळपास प्रत्येक वळणाला सहकारी संस्था उभी दिसते. तिनं माणसांना जगवलं की फक्त धान्याची ने-आण केली, हे तपासावं म्हणून हा लेख.

भाकरीपासून निघालेली चळवळ

सहकार म्हटलं की आपल्याला कर्ज, कारखाना आणि निवडणूक आठवते. चळवळीची सुरुवात मात्र पोटापासून झाली. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातल्या विणकरांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी आपलं दुकान उघडलं, तेव्हा फळीवर मोजका माल होता: पीठ, ओटचं पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या. भेसळ नसलेलं पीठ खऱ्या मापानं मिळावं, एवढीच त्यांची सुरुवातीची भूक. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात, जर्मनीतल्या वायरबुश गावचा तरुण महापौर फ्रीडरिश रायफायझन यानं गरिबांना उधारीवर भाकरी मिळावी म्हणून मंडळ काढलं आणि गावची भट्टी चालू केली. पुढं त्याच्या नावानं जगभर ओळखल्या गेलेल्या ग्रामीण पतसंस्थांचं मूळ त्या भट्टीत आहे.

हिंदुस्थानात रायफायझन आला तो भट्टी मागं ठेवून. फ्रेडरिक निकल्सन या मद्रासच्या अधिकाऱ्यानं शेतकऱ्यांच्या कर्जावर अहवाल लिहिला आणि रायफायझनचा मार्ग सुचवला. त्यातून १९०४ चा कायदा झाला आणि त्याच्या नावातच पतसंस्था होती. कर्जाखेरीज इतर कामांसाठीच्या संस्थांना कायद्यात जागा मिळायला १९१२ साल उजाडलं. हैदराबाद संस्थानातही १९१४ च्या सुमारास सहकारी पतसंस्थांचाच कायदा आला. म्हणजे आपल्याकडं सहकार गावात शिरला तो सावकाराच्या दारानं. स्वयंपाकघराचं दार त्याला कुणी दाखवलं नाही.

यात चूक होती असं म्हणवत नाही. सावकार हे खरंच मोठं दुखणं होतं. पण मराठवाड्यात सावकाराचं कर्ज केवळ रुपयांत नव्हतं, ते धान्यात होतं, आणि ही गोष्ट कायद्याच्या चौकटीत बसली नाही.

सवाई, दिढी आणि पेवाचा मालक

ज्येष्ठात पेरणी झाली की घरातली कणगी तळाला लागायची. मूग-उडीद हाती यायला भाद्रपद, ज्वारी यायला त्याहून उशीर. मधले दोन-अडीच महिने काढायला गरीब कुळंबी ज्याच्याकडं पेव आहे त्याच्या दारात जायचा. चार पायल्या ज्वारी उचलायची आणि सुगीला पाच घालायच्या, ही सवाई. सहा घालायच्या, ही दिढी. मुदत चार-सहा महिन्यांची. वर्षाच्या व्याजाचा हिशेब कुणी मांडत नव्हतं, कारण घेणाऱ्याला दुसरी वाट नव्हती. शिवाय घेताना भाव चढलेला असायचा आणि फेडताना उतरलेला. माय सांगायची की आजोळी घेताना एक पायली आणि घालताना दुसरी, अशा दोन पायल्या वापरणारं एक घर होतं.

म्हणून पेवाची आठवण काढून हळवं व्हायला मी तयार नाही. पेव गावाचं नव्हतं, वाड्याचं होतं. बलुतेदाराला त्यातून बलुतं मिळायचं, गावकुसाबाहेरच्या माणसाला उंबऱ्याखाली उभं राहून मिळेल ते घ्यावं लागायचं. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. धान्य गावातच होतं. लागोपाठ दुसरं वर्ष बुडालं तरी जमिनीखाली ज्वारी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. ती कुणाची, हा झगडा होता; ती आहे की नाही, हा नव्हता.

रेल्वे आली आणि हेही बदलू लागलं. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० मध्ये नांदेडवरून मनमाडला जोडली गेली. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ मध्ये लातुरात पोचली. या दोन्ही गावांच्या पेठा त्यानंतर फुगल्या. कापूस, भुईमूग, तूर, ज्वारी आता पेवात जाण्याऐवजी वॅगनमध्ये जाऊ शकत होती. टंचाईत बाहेरून धान्य आणता येतं, ही रेल्वेची चांगली बाजू. पण ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्या गावात गाडी रिकामी येते आणि भरून जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मधल्या आपल्या पुस्तकात दुष्काळाची जी उकल केली तिचा गाभा हाच आहे: उपासमार धान्य नसल्यानंच होते असं नाही, असलेल्या धान्यावर माणसाचा हक्क न राहिल्यानंही होते.

लेव्ही आणि ग्रेन बँक

दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथला तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालात माणसं रस्त्यावर मेली. हैदराबाद संस्थानानं धान्यावर लेव्ही बसवली. शेतकऱ्यानं ठरावीक धान्य सरकारी भावानं घालायचं आणि सरकारनं ते शहरांना पुरवायचं. हे धान्य गोळा करायला आणि वाटायला तालुका पातळीवर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करण्यात आल्या, आणि गावोगाव ग्रेन बँका निघाल्या. लोक त्यांना गल्ला बँक म्हणत.

ग्रेन बँकेची कल्पना साधी होती. भागभांडवल धान्याचं, कर्ज धान्याचं, फेड धान्याची. सुगीला सभासदानं धान्य घालायचं, पावसाळ्यात बियाण्याला किंवा खायला उचलायचं आणि पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. वाढावा गावाच्या साठ्यातच पडायचा. मला ही मराठवाड्याच्या सहकारातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. रायफायझनची मागं राहिलेली भट्टी इथं पोचली होती. सवाई-दिढीला तिच्याच भाषेत दिलेलं हे उत्तर होतं.

मग ती टिकली का नाही? माझ्या समजुतीनं तिच्या जन्मवेळेतच कारण आहे. ज्या हातानं लेव्ही वसूल केली त्याच हातानं ग्रेन बँक दिली. लेव्हीत लहान शेतकरी भरडला गेला आणि मोठा निसटला, ही तक्रार तेलंगणातल्या शेतकरी लढ्याच्या इतिहासात ठळक आहे. मराठवाड्यातल्या घराघरांतही ती ऐकायला मिळते. आमच्या घरात लेव्हीची आठवण सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. स्वतःच्या शेतात पिकलं नाही म्हणून दुसऱ्याकडून चढ्या भावानं ज्वारी घेऊन लेव्ही भरली, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. ग्रेन बँकेत आपलंच धान्य आहे, असं अशा माणसाला कसं वाटावं? १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. लेव्ही घेणारी राजवट गेली, आणि तिच्या सावलीत वाढलेल्या ग्रेन बँकाही पुढं हळूहळू निजल्या.

सोसायटी : सरकारची अडत

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या समितीनं ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी केली. गोरवाला समितीचा हा अहवाल १९५४ मध्ये आला. पन्नास वर्षांच्या चळवळीनंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. धनंजयराव गाडगीळ या समितीवर होते. समितीनं सांगितलं की नुसतं कर्ज देऊन भागणार नाही. कर्ज, विक्री आणि गोदाम यांची सांगड घाला, आणि सरकारनं भांडवलात भागीदार व्हावं. त्यातून वखार महामंडळं आली, खरेदी-विक्री संघ आले, गावातली पतसंस्था पुढं विविध कार्यकारी सोसायटी झाली. राज्याचा पणन महासंघ १९५८ चा.

साठीच्या दशकात धान्यटंचाई पुन्हा दारात आली. १९६४-६५ पासून राज्य सरकारनं ज्वारी आणि भात यांची खरेदी आपल्या हाती घेतली आणि पणन महासंघ तिचा मुख्य अडत्या झाला. तालुक्याचा संघ माप घेई, सोसायटी बारदाना देई, धान्य सरकारी गोदामात जाई आणि तिथून रेशनवर येई. याच सुमारास हायब्रीड ज्वारी आली. तिनं पीक वाढवलं, पण काढणीच्या वेळी पाऊस झाला की कणसं काळी पडत. ती काळी ज्वारी संघाच्या काट्यावर न्यायची आणि माणसानं खायला जुनी गावरान राखून ठेवायची, असं अनेक घरांनी केलं.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९७२ मध्ये झाली. त्या आणि आधीच्या वर्षांच्या अवर्षणानं मराठवाडा होरपळला. मी तेव्हा शाळेत होतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, म्हणून माय तिच्या कण्या शिजवायची. कामावर सुकडी मिळायची. माझी चुलती खडी फोडायला जायची आणि पदरात बांधून आम्हा पोरांसाठी सुकडी आणायची. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की धान्याचं उत्पादन इतकं घसरूनही मोठी जीवितहानी टळली, याचं मोठं श्रेय या कामांच्या मजुरीला जातं. मजुरीनं माणसाच्या हातात धान्यावरचा हक्क दिला. वि. स. पागे यांच्या विचारातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला आणि तो १९७९ मध्ये अमलात आला.

यात सोसायटीचा वाटा किती? अनेक गावांत रेशनचं दुकान सोसायटीकडंच होतं. ते खासगी दुकानदारापेक्षा नेहमी सरळ चालायचं असं नाही, पण वर्षातून एकदा तरी सभासद तिथं उभा राहून हिशेब मागू शकायचा. हे कमी नव्हतं. मात्र एक फरक पडला होता. आता सोसायटीच्या गोदामातलं धान्य गावाचं नव्हतं. ते वरून यायचं किंवा वर जायचं. वरचा ट्रक चुकला की गोदाम रिकामं. सोसायटी भांडार न राहता काउंटर झाली होती.

किनवटची खावटी

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र वेगळा धागा जिवंत राहिला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध यांचा हा मुलूख. १९४० च्या दशकात निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या प्रश्नावर सल्लागार नेमलं. त्यांच्यानंतर त्या भागात काम केलेल्या अधिकाऱ्यांत सेतुमाधवराव पगडी होते, मूळचे निलंग्याचे, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. गोंडी शिकून गोंडांमध्ये राहिलेला अधिकारी म्हणून कमी ओळखतो. आधी जमीन माणसाच्या नावावर आली पाहिजे, नाही तर पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जातं, हा त्या भागातल्या कामाचा धडा होता.

पुढं महाराष्ट्रात १९७२ मध्ये सहकारी आदिवासी विकास महामंडळ निघालं आणि १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा झाला. महामंडळानं आदिवासी सोसायट्यांमार्फत माल खरेदी करायचा आणि पावसाळ्यात खावटी कर्ज द्यायचं. खावटी म्हणजे खाण्यासाठीचं कर्ज, धान्य आणि रोख अशा दोन्ही रूपांत. नावच किती स्पष्ट आहे! ज्या बँका शेतकऱ्याला पोटासाठी कर्ज मागण्याची लाज वाटायला लावतात, त्यांनी हा शब्द ऐकावा. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, राज्यानं खावटीचं अनुदान केलं: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. केंद्रानंही १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना काढली होती, गरजू कुटुंबाला क्विंटलभर धान्य उसनं देणारी. म्हणजे गल्ला बँकेची कल्पना मेली नाही. ती फक्त मागासांसाठीची योजना मानली गेली. बाकीच्या शेतकऱ्यानं पैशाचं पीक घ्यावं आणि धान्य विकत आणावं, असं जणू ठरलं.

ऊस, सोयाबीन आणि पाण्याची गाडी

आणि त्यानं तसंच केलं. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांनी शाळा-महाविद्यालयं दिली, रस्ते दिले, नोकऱ्या दिल्या. मराठवाड्यात सहकाराचा सर्वांत ताकदवान अवतार हाच. पण तो अन्नाचा नव्हता, आणि पाणी फार प्यायचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आणावी लागली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आलं. ज्या मार्गानं शंभर वर्षांपूर्वी लातूरचं धान्य बाहेर जाऊ लागलं, त्याच, आता रुंद झालेल्या, मार्गानं पाणी आत आलं.

कोरडवाहू रानात नव्वदीनंतर सोयाबीन पसरलं. लातूर त्याची मोठी पेठ आहे. शंभर-सव्वाशे दिवसांत नगदी पैसा हे शेतकऱ्याचं गणित चुकीचं नाही. पण सोयाबीनचं तेल आणि पेंड होते, भाकरी होत नाही. कडबाही मिळत नाही, म्हणून बैल गेले. राहिली तूर. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली, म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली आणि भाव कोसळला. ५,०५० रुपये हमीभावानं विकायला खरेदी केंद्रांपुढं रांगा लागल्या, बारदाना संपला, एप्रिल २०१७ मध्ये केंद्रं बंद झाली आणि ओरड झाल्यावर पुन्हा उघडावी लागली. त्या रांगेत माझा चुलतभाऊ चार रात्री ट्रॉलीवर झोपला. त्याची सगळी तूर गेली. श्रावणात त्याच घरानं दुकानातून डाळ आणली.

दीडशे रुपये

२०१५ मध्ये राज्यानं एक चांगला निर्णय घेतला. मराठवाड्यातले सगळे आणि विदर्भातले सहा, अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य २ आणि ३ रुपये दरानं मिळू लागलं. अन्न पिकवणाऱ्यालाच रेशन लागतं, ही कबुली त्यात होती. पुढं त्या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासं झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यानं धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात द्यायचं ठरवलं. दीडशे भागिले पाच म्हणजे किलोला तीस रुपये. ही रक्कम ठरली त्या दिवसाची होती. बाजारभाव दर आठवड्याला हलतो. आणि ती ज्या पासबुकात पडते, त्याला गोदाम नसतं.

मी पैशाच्या विरोधात नाही. १९७३ ची मजुरीही पैसाच होती. पण तेव्हा मजुरीच्या मागं रेशनचं दुकान होतं. आज पेव नाही, ग्रेन बँक नाही, शेतात ज्वारी नाही आणि आता दुकानातला त्या माणसाचा वाटाही नाही.

केंद्रानं २०२३ मध्ये सहकारी सोसायट्यांची गोदामं बांधायची मोठी योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ११ संस्थांत ती प्रायोगिक सुरू झाली. महाराष्ट्रातली निवड अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईच्या सोसायटीची होती. गोदाम गावात परत येतं आहे, हे चांगलंच. प्रश्न जुनाच आहे: आतलं धान्य कुणाचं? ते भाड्यानं देऊन टाकलं, तर सोसायटीला भाडं मिळेल आणि गावाला भिंती. लातूर-उस्मानाबादकडं भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या बायकांच्या गटांनी घरच्या रानातला एकच एकर मागून घेऊन त्यात आधी खाण्याचं, मग विकण्याचं पिकवायला सुरुवात केली. त्या कामाला २०१७ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. कायद्यानं ती सहकारी संस्था नव्हे, पण सहकाराचा हरवलेला अर्थ मला तिथं दिसतो.

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मी मुद्दाम गेलो. अहवाल वाचून झाला, चहा आला, तेव्हा उठून म्हणालो की सोसायटीनं गोदामाचा एक कोपरा सभासदांच्या ज्वारीसाठी ठेवावा. सुगीला घालायची, आषाढात उचलायची, वाढावा गावाचा. एक तरुण सभासद हसून म्हणाला, "सर, पैसे खात्यात येलालेत की. ज्वारी ठेवून उंदरं पोसायचीत का?" सभा हसली. मीही हसलो. कारण उंदरांचा प्रश्न खरा होता, आणि ज्वारी पेरणार कोण हा त्याहून खरा.

बाहेर पडलो तर पेवाजवळ कंदील सोडायला सांगणारा म्हातारा पारावर बसला होता. त्यानं सभेतलं सगळं ऐकलं होतं. मला थांबवून त्यानं विचारलं, "सर, मानशी किती पायल्या घालायच्या म्हनता?"

मी हिशेब केलेला नव्हता. घरी येऊन केला. पुढच्या सभेला तो कागद घेऊन जाणार आहे.